पितळी पंपाचा स्टोव्ह: माळ्यावरून खाली काढण्याआधी

पितळी स्टोव्हची आठवण निघाली की सगळे आधी त्याच्या आवाजावर येतात. भर्र करून सुरू झाला की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नसे. पण तो आवाज काही स्टोव्हचा नव्हे, बर्नरच्या एका जातीचा. दुसऱ्या जातीचा बर्नर जवळजवळ मुकाट जळायचा आणि तोही त्याच टाकीवर बसायचा. आवाजाचं कौतुक करता करता या वस्तूची खरी करामत बाजूला राहते. बिघडायच्या जागा मोजून पाचसहा, आणि त्या जवळजवळ सगळ्या घरी बसून, एका पान्यावर आणि एका लांब चावीवर दुरुस्त होणाऱ्या. स्वयंपाकघरातल्या आजच्या कुठल्या यंत्राबद्दल हे म्हणता येईल?

आता भांड्यांच्या दुकानात नवा पितळी स्टोव्ह दिसत नाही. गाड्यांवर वडे तळायला वापरतात ती लोखंडी भट्टी कुठे कुठे दिसते, पण ती वेगळी चीज. त्यामुळे हे परीक्षण दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे: ज्यांच्या माळ्यावर आजीचा स्टोव्ह गोणपाटात बांधून पडला आहे ते, आणि जुन्या बाजारात पितळेची झळाळी बघून ज्यांचा हात खिशाकडे जातो ते.

मूळ यंत्र स्वीडनचं. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिराने 1892 च्या सुमारास ते बनवलं आणि ‘प्रायमस’ या नावाने विकायला आणलं. नंतर कितीतरी कारखान्यांनी तशाच टाक्या ओढल्या; नाव मात्र प्रायमस हेच राहिलं, वनस्पती तुपाला डालडा म्हणतात त्यातली गत. अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर गेला तेव्हा त्याच्याबरोबर प्रायमस होता आणि 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होता. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीला तो आवडला तो मात्र ध्रुवामुळे नव्हे. कोळशाची शेगडी धरायला अर्धा तास लागे, चुलीला धूर. स्टोव्ह पाच मिनिटांत तयार आणि भांड्याचं बूड स्वच्छ. पहाटे पाळीवर जाणाऱ्याला चहा आणि डबा देणारं घर आणखी काय मागणार?

रॉकेल हा शब्द ‘रॉक ऑइल’वरून आला आणि घासलेट ‘गॅसलाइट’वरून, असं सांगतात. चार गॅलनचा, म्हणजे अठरा लिटरचा चौकोनी डबा रिकामा झाला की त्याची बादली, कुंडी, धान्याची साठवण, छपराचा पत्रा काहीही व्हायचं. स्टोव्हमागे असा सगळा संसार होता.

आत काय चालतं

हे कळल्याशिवाय स्टोव्हला हात लावू नये, कारण त्याच्या सगळ्या खोड्या एकाच गोष्टीतून निघतात: हा स्टोव्ह रॉकेल जाळत नाही, रॉकेलची वाफ जाळतो.

टाकीत पंपाने हवा कोंबायची. त्या दाबाने रॉकेल मधल्या उभ्या नळीतून वर चढतं आणि बर्नरच्या तापलेल्या नळ्यांतून वळसा घेताना त्याची वाफ होते. ही वाफ निपलच्या, म्हणजे बर्नरमधल्या छोट्या तोटीच्या, बारीक भोकातून जोरात सुटते, बाजूची हवा ओढून घेते आणि निळी जळते. पेटलेली ज्योतच बर्नर तापता ठेवते, त्यामुळे एकदा सुरू झालं की चक्र आपोआप चालतं. निपलचं भोक मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश. एवढ्याशा भोकावर सगळा कारभार, म्हणूनच ते साफ करायच्या पिनेचं एवढं माहात्म्य.

बर्नर थंड असेल तर वाफेऐवजी पातळ रॉकेलच उडतं आणि पिवळा, काजळी ओकणारा भडका वर येतो. भडका म्हणजे स्टोव्ह बिघडला असं नव्हे. बहुतेक वेळा पेटवणाऱ्याने घाई केलेली असते.

आवाजाच्या बर्नरमध्ये निपलच्या वर एक जाड गोल टिकली असते. वाफेचा झोत तिच्यावर आपटून पसरतो, त्या आपटण्याचा तो भर्र. सायलेंट बर्नरमध्ये टिकलीऐवजी भोकाभोकांच्या एकात एक बसणाऱ्या दोन टोप्या असतात. ज्योत छोट्या छोट्या निळ्या दातांत वाटली जाते. सायलेंटची आंच पसरट आणि मंद करायला सोपी. आवाजाचा बर्नर मात्र वाऱ्याला आणि धसमुसळेपणाला दाद देत नाही, आणि टिकलीखेरीज त्यात जळून जाण्यासारखं फारसं काही नाही. ओट्यावर सायलेंट आणि अंगणात आवाजाचा, अशी वाटणी शहाणपणाची.

पेटवणं

टाकी तीन चतुर्थांशच भरा. लिटरभराच्या टाकीत पाऊण लिटर. वरची जागा हवेसाठी आहे; गळ्यापर्यंत भरली तर पंपाला दाबायला हवाच उरत नाही, चार दट्ट्यांत दाब वाढतो आणि दोन मिनिटांत उतरतो. भरताना बारीक जाळीचं नरसाळं, नसेल तर दुहेरी मलमल. रॉकेलमधलं पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि नळीचं तोंडही तळाशीच, त्यामुळे चमचाभर पाण्यानेही ज्योत फकफक करून विझते. भरून झाल्यावर टाकीच्या खांद्यावर सांडलेलं पुसून घ्या. हे पुसणं लोक टाळतात आणि पुढची निम्मी रड तिथूनच सुरू होते.

हवेची चावी, म्हणजे टाकीतला दाब सोडायचा स्क्रू, सैल ठेवा. नळीभोवतीच्या वाटीत स्पिरिट काठोकाठ भरा आणि पेटवा. वाऱ्यात किंवा घाटावरच्या थंडीत एक वाटी पुरत नाही, दुसरी लागते. पण दुसरी ओतायची ती पहिली पूर्ण विझून वाटी निवल्यावरच. जळत्या वाटीत बाटलीतून स्पिरिट ओतणं म्हणजे हातात पेटती बाटली धरणं.

स्पिरिट महाग आणि आणायला खटपटीचं, म्हणून घरोघरी काकडा होता. तारेच्या चिमट्याला गुंडाळलेली चिंधी किंवा ॲसबेस्टॉसची दोरी. ती स्पिरिटच्या बाटलीत बुडवून ठेवायची, पेटवताना नळीला चिमट्यासारखी अडकवायची. (देवळात पहाटेच्या आरतीला पेटतो तो काकडाच, स्वयंपाकघरात आल्यावर त्याचं काम तेच राहिलं, मान तेवढा गेला.) स्पिरिटच्या जागी रॉकेलचाच काकडा लावणाऱ्यांची संख्या मोठी होती. काम होतं, पण काजळीचा थर बर्नरवर आणि निपलवर बसतो, भिंतही काळी होते, आणि आठवड्याला मारायची पिन रोज मारावी लागते.

वाटीतली ज्योत शेवटाला आली, निळसर होऊन थरथरायला लागली की हवेची चावी आवळा आणि पंपाचे दहाबारा दट्टे मारा. ही वेळ साधणं हेच कसब. लवकर केलं तर भडका, उशीर झाला तर वाफ सुटते पण पेटवायला ज्योत नसते आणि खोलीभर रॉकेलचा पांढरा धूर होतो. तसं झालं तर लगेच काडी दाखवा. बर्नर गरम असेल तोवर ते पेटतं. निवला असेल तर हवा सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ज्योत निळी आणि स्थिर झाली की आणखी पंधरावीस दट्टे.

भडका उडालाच तर पाणी नाही, फुंकर नाही, पळणंही नाही. हवेची चावी सोडा. दाब गेला की काही सेकंदांत भडका खाली बसतो. म्हणूनच टाकी अशी फिरवून ठेवायची की चावी आपल्या बाजूला येईल आणि तिच्यासाठी हात बर्नरच्या पलीकडे न्यावा लागणार नाही. साधी गोष्ट, पण जाहिरातीतल्या चित्रांत हमखास उलटी दिसायची.

स्वयंपाकाला कसा

लिटरभर पाणी चारपाच मिनिटांत उकळतं. कुकर, चहा, आंघोळीचं पाणी, तळण या कामांना याच्या तोडीचं तेव्हा काही नव्हतं. पूर्ण आंचेवर एक लिटर रॉकेल साधारण चार तास चालतं.

पोळ्यांना मात्र आवाजाचा बर्नर त्रासदायक. आंच मधोमध, त्यामुळे पातळ तव्यावर पोळी मध्ये करपते आणि काठाला कच्ची राहते. जाड बिडाचा तवा असेल तर उष्णता पसरते. भाकरीला हे तितकं जाणवत नाही, कारण ती शेवटी तवा काढून थेट आंचेवर फुगवायची असते. पण स्टोव्हवर भाकरी धरली की रॉकेलचा किंचित वास येतोच.

मंद आंच ही या यंत्राची दुखरी नस. चुलीत लाकूड मागे ओढता येतं, गॅसला चकती आहे. इथे कमी करायचं तर हवेची चावी क्षणभर सोडून पुन्हा आवळायची, वाढवायचं तर पंप. फार कमी केलं की बर्नर निवतो, ज्योत पिवळी पडते आणि थोड्या वेळाने विझते. म्हणजे मंदपणाला खालची मर्यादा आहे आणि ती भाताच्या दमाला जास्तच पडते. उपाय म्हणजे पातेल्याखाली जुना तवा. खव्यासाठी, बासुंदीसाठी सायलेंट बर्नरसुद्धा कसाबसाच. तिथे शेगडीच बरी.

दूध आणि चहाच्या बाबतीत एक गोष्ट कटाक्षाने: स्टोव्ह बंद करण्याआधी भांडं उतरवा. हवा सोडल्यावर ज्योत मरते, पण निपलमधून न जळलेली वाफ काही क्षण येत राहते. वर दूध असेल तर तिचा वास धरतं आणि मग तो कशानेही जात नाही. ‘स्टोव्हच्या चहाला वास यायचा’ ही तक्रार खरी आहे, पण निम्म्या घरांत ती बंद करण्याच्या पद्धतीची होती.

बंद केल्यावर हवेची चावी सैलच ठेवायची. आवळून ठेवली तर दुपारच्या उन्हाने टाकीतली हवा फुगते, रॉकेल आपोआप वर चढतं आणि वाटीत साठतं. संध्याकाळी पेटवलं की भडका तयार.

बिघडतो कुठे

सर्वांत जास्त बिघडतं ते पंपाचं चामडं. सगळे त्याला वायसर म्हणत. चामड्याची छोटी वाटी, तोंड खाली, टाकीकडे. दट्टा खाली जाताना ती फुगून नळकांड्याला घट्ट बसते, वर येताना आकसून हवा आत घेते. चामडं सुकलं की दट्टा मऊ लागतो, हाताला काही विरोधच नाही. टोपण फिरवून दांडा बाहेर काढा, वायसर बोटांनी कडा बाहेर पसरवून खोबरेल तेलात तासभर ठेवा, परत बसवा. दहात नऊ वेळा एवढ्यानेच काम भागतं. बसवताना कड आत दुमडली तर मात्र पुन्हा तेच रडगाणं. तिरपा धरून, गोल फिरवत आत सोडावा.

वायसर फाटला असेल तर आता तयार मिळणं कठीण. पण गॅसबत्तीचा चालतो, माप जुळलं तर. ते नसेल तर दोनअडीच मिलिमीटर जाडीच्या चामड्याची गोल चकती कापा, रात्रभर पाण्यात भिजवा, नळकांड्याच्याच व्यासाच्या पाइपात बोल्टने दाबून वाटीचा आकार द्या, तशीच सुकू द्या आणि मग तेल पाजा. कोल्हापुरी चपलेचं चामडं यासाठी फार कडक. पट्ट्याचं, पाकिटाचं बरं.

दुसरी जागा धोक्याची. पंपाच्या नळकांड्याच्या तळाला एक झडप असते: आत छोटी स्प्रिंग आणि तिच्या टोकाला बुचाची किंवा रबराची गोळी. हवा टाकीत जाऊ द्यायची, रॉकेल परत येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. गोळी कडक झाली किंवा तिच्यात खाच पडली की पंपाचा दांडा आपोआप वर यायला लागतो. हे लक्षण दिसलं की तिथेच थांबा. पुढची पायरी म्हणजे पंपाच्या तोंडातून रॉकेलची चिळकांडी, आणि बर्नर वीतभरावर पेटलेला. झडप काढायला लांब दांड्याची खास चावी लागते. पक्कड घालून ओरबाडलं तर झडपेचं डोकं गोल होतं आणि मग टाकीच निकामी. नवी गोळी नायट्राइल रबराच्या पट्टीतून कापावी. सायकलच्या ट्यूबचं रबर सगळ्यांना सुचतं आणि ते नेमकं चुकीचं. रॉकेलमध्ये ते फुगून मऊ होतं, महिन्याभरात झडप पुन्हा गळते.

बर्नर नळीवर बसतो तिथे शिशाचा वायसर. बर्नर काढला की हा दर वेळी नवा घालायचा, कारण शिसं एकदा दबलं की पुन्हा तसं बसत नाही. इथे रबर, फायबर, दोरा काही चालत नाही. सगळं जळून जातं. बसवून एकदा पेटवा, पूर्ण निवू द्या, मग पाना लावून आणखी थोडं आवळा. बर्नरच्या बुडाशी पिवळी जीभ दिसत असेल तर गळती तिथेच आहे.

भरायच्या झाकणाचं वायसरही असंच तपासायचं: दाब देऊन साबणाचा फेस लावा, बुडबुडा आला की बदला. हवेच्या चावीचं टोक झिजलं असेल तर कितीही आवळा, दाब हळूहळू उतरतोच. लोक अशा वेळी पक्कड वापरतात आणि आटे घालवतात.

आता पिन. पत्र्याच्या दांडीला केसाएवढी तार. निपलमध्ये सरळ घालायची, सरळ काढायची. फिरवायची नाही, तिरपी करायची नाही. तार आत तुटली तर निपल चावीने काढून मागच्या बाजूने ढकलावी लागते. घाईत जाड सुई किंवा सेफ्टी पिन घालणारे भोक मोठं करून ठेवतात, आणि मग वाफ जास्त, हवा कमी, ज्योत लांब आणि पिवळी, भांडी काळी. अशा निपलला इलाज नाही, बदलायचाच. जळत्या स्टोव्हला वरून पिन मारण्याची घरोघरी सवय होती. आवाजाच्या बर्नरला ते जमतं, सायलेंटला विझवून, निवू देऊन, टोप्या उचलूनच करावं.

पिन मारूनही ज्योत श्वास घेतल्यासारखी कमीजास्त होत असेल तर दोन शक्यता. रॉकेलमध्ये पाणी, किंवा बर्नरच्या नळ्यांत कोळसा धरलेला. पहिलं टाकी रिकामी करून कळतं. दुसऱ्यासाठी दुरुस्तीवाले बर्नर काढून मंद लाल होईपर्यंत तापवत आणि पाण्यात बुडवत; आतला कोळसा तडकून सुटतो, मग झटकून, फुंकून काढायचा. फार तापवलं तर नळ्यांचे जोड सुटतात. हे काम माहितगाराकडून करून घेण्याचं.

धोका, आणि त्याच्या नावावर खपवलेलं

स्टोव्ह सुरक्षित होता असं म्हणणं खोटं ठरेल. जमिनीवर ठेवलेला, समोर उकिडवं बसून पेटवायचा, पदर नायलॉनचा. पेटलेला असताना टाकी भरणं, दाब असताना झाकण उघडणं, गळकी झडप चालवून घेणं या तीन चुकांनी खरोखर माणसं भाजली. त्याहून वाईट म्हणजे रॉकेलमध्ये पेट्रोलची भेसळ. पेट्रोल साध्या तापमानालाच वाफ धरतं, आणि मग हा स्टोव्ह राहत नाही, बॉम्ब होतो. आजही तळमळीने सांगावंसं वाटतं ते हेच: रॉकेल मिळालं नाही म्हणून टाकीत पेट्रोल कधीही घालू नका. डिझेलने स्फोट होणार नाही, पण बर्नर दोन दिवसांत कोळशाने बंद होईल.

तरीही ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली’ हे वाक्य वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं छापून आलं, त्याबद्दल यंत्र जाणणाऱ्याने एक सांगितलं पाहिजे. थंड बर्नरचा भडका हात, चेहरा, पदर पकडू शकतो. पण तो माणसाला डोक्यापासून पायापर्यंत रॉकेलने भिजवत नाही. टाकी शाबूत आणि अंग ओलं, हे स्टोव्हचं काम नव्हे. 1983 मध्ये 498-अ (सासरचा छळ) आणि 1986 मध्ये 304-ब (हुंडाबळी) ही कलमं दंड संहितेत आली ती अशा मृत्यूंचा हिशेब लागावा म्हणूनच. स्मरणरंजनात हा भाग गाळून पितळेची झळाळी तेवढी आठवायची, हे पटत नाही.

का गेला

मुंबईत गॅस 1955 मध्येच आला, पण नंबर लागायला वर्षं जात, आणि तोवर स्टोव्हच चालला. मधल्या काळात इंडियन ऑइलने 1977 मध्ये ‘नूतन’ हा दहा वातींचा स्टोव्ह आणला. पंप नाही, पिन नाही, स्पिरिट नाही, भडक्याची भीती कमी, मंद आंच झकास. पण वाती सारख्या उंचीच्या कापाव्या लागत, एक जरी वर राहिली तरी भांडं काळं, आणि विझवल्यावरचा वास पंपाच्या स्टोव्हपेक्षा जास्त वेळ रेंगाळणारा. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत आणि एकट्या राहणाऱ्यांकडे नूतन जिंकला. मोठ्या कुटुंबात, पुरणपोळीच्या दिवशी, पितळी स्टोव्हच बाहेर निघे. मग गॅस घरोघर पोहोचला, 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, आणि रेशनच्या निळ्या रॉकेलवरचं अनुदान आटत आटत संपलं. निळा रंग मुद्दाम घातलेला, काळ्या बाजारात ओळखू यावं म्हणून. स्टोव्हला कोणी हरवलं नाही असं म्हणणारे भेटतात. खरं तर गॅसने त्याला सरळ हरवलं, सगळ्या बाबतींत. दुरुस्तीची गोष्ट तेवढी सोडून.

गॅसबत्तीचंही हेच झालं. तत्त्व तेच, पंप तोच, पिनही तीच. फक्त ज्योतीच्या जागी मँटल, म्हणजे तापून उजळणारी जाळी. वरातीतून ती गेली तशी वायसर विकणाऱ्या टपऱ्याही गेल्या, आणि स्टोव्हचे सुटे भाग मिळणं त्यामुळे आणखी अवघड झालं.

जुना घ्यायचा असेल तर

पुण्यात जुना बाजार, मुंबईत चोर बाजार. घासूनपुसून चकाकणाऱ्या स्टोव्हपासून जरा लांबच राहा. चकाकी आणायला टाकी पॉलिशच्या चाकावर धरलेली असते; पत्रा पातळ होतो आणि जुने डाग खोडले जातात. काळपट, हिरवट, तेलकट स्टोव्ह जास्त प्रामाणिक.

टाकी उलटी करून बूड बघा. मूळचं बूड सपाट किंवा किंचित आत गेलेलं असतं. बाहेर फुगलं असेल तर कोणीतरी वेड्यासारखा पंप मारला आहे, ती टाकी पुन्हा दाबाला लावू नये. पाय जिथे टाकीला जोडले आहेत तिथे आणि खांद्याच्या वळणावर केसासारखी चीर शोधा. जुनं पितळ ताणाच्या जागी असं तडकतं. कथलाचे गोळे लावून बुजवलेली चीर दिसली तर तो शोभेचा स्टोव्ह समजा. बर्नर हलतो का, उभी नळी सरळ आहे का, झडपेचं डोकं शाबूत आहे का हे बघा. विक्रेता ‘चालू आहे’ म्हणतो त्याचा अर्थ पंपाचा दांडा वरखाली होतो, एवढाच.

घरी आणल्यावर रॉकेल घालण्याआधी रिकाम्या टाकीत हवा भरा आणि पूर्ण स्टोव्ह पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे फक्त निपलमधून यायला हवेत. झाकणाजवळून, पंपातून, जोडांतून एकही आला तर आधी तो बंद करा. नंतर झाकण उघडून टाकी उन्हात दिवसभर वाळवा. पहिलं पेटवणं अंगणात किंवा गच्चीवर, वाऱ्याच्या आडोशाला, जवळ वाळूची बादली आणि ओलं गोणपाट ठेवून. बंद खोलीत तर तो मुळीच नको. पिवळी ज्योत विषारी वायू सोडते आणि हल्लीच्या खोल्यांना पूर्वीसारख्या फटी नसतात.

रोजच्या स्वयंपाकासाठी घ्यावा का? नाही. वर्षातून दोनदा गच्चीवर पावभाजी करायला, मुलांना वाफ आणि दाब समजावून सांगायला, किंवा हाताला पान्याची सवय राहावी म्हणून, जरूर.

परत माळ्यावर ठेवताना टाकी पूर्ण रिकामी करा. तळाशी राहिलेलं रॉकेल वर्षभरात चिकट होऊन नळीत बसतं. वायसर तेलात भिजवून पंप जागेवर लावा, चावी सैल सोडा, पितळ चिंचेने घासलं असेल तर पाण्याने दोनदा धुऊन कोरडं करा, नाहीतर आंबट अंश राहून हिरवं पडतं. आणि दोन पिना, एक निपल, शिशाचे दोन वायसर आणि झडपेची चावी एका डबीत घालून ती डबी स्टोव्हच्या पायालाच बांधून ठेवा. पुढच्या वेळी स्टोव्ह सापडतो, डबी सापडत नाही.